चार वाजताची तपासणी

४ जून

प्रिय भावजी,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं आहे तसंच आहे. फोन केला नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि ह्यांचे कान अजून तिखट. ह्यांच्याबद्दल ह्यांच्याच देखत बोलायचं हे मला सहा वर्षांत जमलेलं नाही. पत्राचं बरं आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांना अक्षर लागत नाही. जन्मभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, आणि आता मी समोर बसून त्यांच्याबद्दल लिहितेय तर खिडकीबाहेर बघताहेत.

काम कॉम्प्युटरचं आहे. तुम्ही करून दिलेला बोलका फळा अजून चालतो. ह्यांचं एक बोट गोळ्याच्या माऊसवर, पडद्यावर चित्रांची बटणं, ग्लासाचं चित्र दाबलं की तुमच्या आवाजात ‘मला पाणी हवंय’. तोच ह्यांचा आवाज आहे आता. पण मागे वरच्या मजल्यावरच्या मावशींनी सहलीचे फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह लावला, त्यातून व्हायरस आला आणि फळा तीन दिवस मुका झाला. ते तीन दिवस मला पुन्हा नकोत. दुरुस्तीवाल्याने येऊन अँटीव्हायरस घातला आणि म्हणाला, आता निर्धास्त राहा.

निर्धास्त आहे, पण फळा रांगतोय. विशेषतः मी कामावरून आले की. हे चार वाजेपर्यंत गप्प बसलेले असतात, दिवसा सोबतीला असतात त्या मावशींना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलायचं ते माझ्याशीच. मी चप्पल काढून स्टुलावर बसते, हे बटण दाबतात आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसतो. वाक्य येईपर्यंत मी काय विचारलं होतं ते मलाच आठवत नाही. शेवटी मी म्हणते, राहू द्या, मशीन दमलंय, आणि तेवढ्यात कॉटवर जरा टेकते.

मशिनवर ओझं न टाकणारा एखादा अँटीव्हायरस असतो का हो? दुरुस्तीवाला म्हणतो नवा कॉम्प्युटर घ्या. त्याला काय जातंय सांगायला.

वहिनी

१२ जून

वहिनी, नमस्कार.

पाकिटावर तुमचं अक्षर बघून ते जिन्यातच फोडलं. आत अँटीव्हायरस निघाला म्हटल्यावर चक्क बरं वाटलं. ह्या एका रोगावर मला औषध माहीत आहे.

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात आता मी एकटाच उरलोय. दिवसभर फोन वाजतो आणि माणसं एकच शब्द बोलतात, ‘अडकलाय’. काय अडकलंय ते मी ओळखायचं. घरी गेल्यावर मला कुणी ‘जेवायला बस’ म्हटलं तरी आधी ‘बंद करून चालू करा’ असं तोंडातून निघेल. म्हणणारं कुणी नाही ते सोडा.

तुमच्या मशिनची मेमरी दोन जीबी. म्हणजे तुमचं स्वयंपाकघर समजा, एका वेळी दोघंच उभी राहतील. दुरुस्तीवाल्याने त्यात फौजदार आणून बसवलाय. तो डबे उघडून तपासायला लागला की फळा बिचारा दारात तिष्ठत राहतो. फौजदाराला हाकलायचं आहेच, पण त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत नको. तोवर एक करा. त्याच्या खिडकीत ‘अहवाल’ असं लिहिलेलं असेल. त्यातल्या आठवड्याभराच्या ओळी मला जशाच्या तशा उतरवून पाठवा. तुम्ही कारखान्यात दिवसभर भिंगांवरचे ओरखडे शोधता, तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

नवं मशीन मीच पाठवलं असतं. पण फळा त्यावर चालणार नाही, तो पहिल्यापासून लिहावा लागेल, आवाजही पुन्हा भरावा लागेल. सध्या कामातून डोकं वर काढता येत नाही.

दादाला नमस्कार सांगा.

धाकटा

२१ जून

प्रिय भावजी,

घ्या तुमचा अहवाल.

सोमवार, १६.०७ पूर्ण तपासणी सुरू, १६.५१ संपली, धोका नाही. सुरू केली: वापरकर्ता.
मंगळवार, १६.०५ ते १६.४९, धोका नाही. वापरकर्ता.
बुधवार, १६.१२ ते १६.५७, धोका नाही. वापरकर्ता. (बुधवारी बस उशिरा आली.)

पुढे गुरुवार, शुक्रवार, शनिवार अगदी हेच, उतरवून हात दुखवत नाही. रविवारी ओळच नाही.

हा वापरकर्ता कोण? मी ते बटण कधी दाबलेलं नाही. मावशी तर कॉम्प्युटरला धूळ पुसायलाही हात लावत नाहीत, फोटोंच्या प्रकरणापासून त्यांनी धसका घेतलाय.

आज कारखान्यात माझ्या हातून ओरखडा असलेली दोन भिंगं पुढे गेली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी ती स्वतः परत आणून माझ्यापुढे ठेवली आणि गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुम्ही कधी येता? चार वर्षं झाली. मागच्या खेपेला आठ दिवस राहणार म्हणून आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचललीत. माझं काही चुकलं का, ते तेव्हाच विचारायला हवं होतं.

वहिनी

५ जुलै

वहिनी, नमस्कार.

‘वापरकर्ता’ मनावर घेऊ नका. ह्या कंपन्यांची भाषांतरं दिव्य असतात. दुरुस्तीवाल्याने रोज चारची वेळ लावून ठेवली असणार, रविवार सोडून. ऑफिसच्या वेळापत्रकात तसंच करतात. तुमच्या नेमक्या बोलायच्या वेळेला लावली, अक्कल पाजळली.

आता कामाचं. सामानाच्या खोलीतून तुमच्याइतकंच म्हातारं मशीन काढलं (म्हणजे तुमच्या मशिनइतकं, भांडू नका), त्यावर फळा चढवला आणि एकेका अँटीव्हायरसला कामाला लावून मोजलं, बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती वेळ जातो. फौजदार तपासणी करत असताना चौदा सेकंद. दुसरा आणला, त्याचं नाव मी जावईबापू ठेवलं. काम बेताचं, पण दर पाच मिनिटांनी पडद्यावर येऊन ‘माझ्याकडे लक्ष आहे ना’ विचारतो. सहा सेकंद. तिसरा मुका. रंग नाही, घंटा नाही, रिकामा बसला तर मेमरीत आहे की नाही कळत नाही. पूर्ण तपासणी सात मिनिटांत उरकतो, कारण एकदा बघितलेली आणि न बदललेली फाईल पुन्हा उघडत नाही. तपासणी चालू असतानाही फळा एका सेकंदात बोलला.

मुका सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. आधी फौजदार काढा, मशीन बंद करून चालू करा, मगच मुका घाला. दोघं एका घरात नांदणार नाहीत. मग फळ्याचं फोल्डर ‘विश्वासू’ यादीत घाला, नाहीतर मुका फळ्यालाच चोर समजून कोंडून ठेवेल. नामांकित कंपन्यांचे प्रोग्राम तो ओळखतो, माझं नाव त्याच्या गावीही नाही. तपासणी गुरुवारी सकाळी अकराला लावून दिलीय, तेव्हा तुम्ही घरी नसता.

आवाज नीट आला का तेवढं कळवा. मोजताना मी तो बंदच ठेवला होता, पडद्यावरचा दिवा बघून मोजलं.

धाकटा

२६ जुलै

प्रिय भावजी,

मुका आला आणि फौजदार गेला. पहिल्या दिवशी ह्यांनी ग्लास दाबला आणि तुमचा आवाज इतका पटकन आला की मी स्टुलावरून उडाले. हेसुद्धा हसले, अर्ध्या तोंडाने. तुमचे फार उपकार झाले, असं लिहून पत्र संपवायचं होतं. तसं होत नाही.

आल्या दिवसापासून मशीन पळतंय, आणि चार वाजता हे बोलत नाहीत. मी अहवाल उघडून पाहिला. १६.०६ ते १६.१३. १६.१३ ते १६.२०. १६.२१ ते १६.२८. अशी सहा वेळा, एकामागून एक, रोज. सुरू केली: वापरकर्ता.

काल मी कॉटवर पडून डोळे मिटल्यासारखं केलं आणि पापण्यांच्या फटीतून बघत राहिले. बोट अँटीव्हायरसच्या ढालीच्या चित्रावर गेलं. सात मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण आली की लगेच बोट पुन्हा ढालीवर. दर खेपेला केवढे कष्ट पडत होते. कंपनीचं भाषांतर अगदी बरोबर होतं, भावजी. फौजदाराच्या वेळीही वापरकर्ता हेच होते.

म्हणजे माणूस माझी वाट बघत दिवसभर गप्प बसलेला नसतो. मी आले की गप्प बसायची सोय करतो. माझा कंटाळा आला असेल. मलाही माझा येतो. सहा वर्षं तेच प्रश्न. पाणी हवंय का, दुखतंय का, पंखा लावू का. आणि एक लाजिरवाणी गोष्ट लिहिते, कुणाला सांगू नका. फौजदार तपासत बसायचा तो पाऊण तास मला दिवसातला सगळ्यांत आवडता वाटायचा. पाठ टेकता यायची. मशीन दमलंय म्हटलं की आपण दमलोय असं म्हणावं लागत नाही. त्याचीच ही शिक्षा असेल.

वहिनी

३ ऑगस्ट

वहिनी,

तुमचा कंटाळा नाही. माझा आवाज त्याला नकोसा झालाय.

मला हे चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, तुमचं काय चुकलं. काही नाही. मी त्या दिवशी खुर्चीत बसलो होतो, दादाने माझ्याकडे बघून बटण दाबलं आणि त्याच्यातून मी बोललो, ‘मला बाहेर जायचंय’. मला लहानपणी सायकलवर पुढे बसवून गावभर हिंडवणारा माणूस, त्याचा तो भरदार आवाज, आणि त्याच्या जागी माझी ही चिरकी पिपाणी. रात्रभर उशी कानावर घेऊन पडलो आणि सकाळी पळालो. काम वगैरे काही नव्हतं. नवा फळा लिहीत नाही त्याचंही कारण तेच, आवाज पुन्हा ऐकावा लागेल.

मला निदान पळता आलं. त्याला सहा वर्षं रोज ऐकावा लागतोय. मीही ढालच दाबली असती.

एखाद्या नाटकातल्या माणसाकडून सगळी वाक्यं नव्याने बोलून घेता येतील. विचारून बघा त्याला.

धाकटा

११ ऑगस्ट

प्रिय भावजी,

विचारलं. कारखान्यातून निघतानाच ठरवलं होतं, आज टेकायचं नाही. स्टूल ओढलं, ह्यांचा हात ढालीवरून बाजूला केला आणि म्हटलं, आता सरळ सांगा.

“माझा कंटाळा आलाय?”

‘नाही.’ इतक्या जोरात दाबलं की माऊस सरकला.

“भावजींचा आवाज नको झालाय? दुसऱ्या कुणाचा आणायचा?”

‘नाही.’ आणि वर ‘बास’.

“मग मी आले की तोंड का बंद करून घेता?”

मग हे बराच वेळ बटणं धुंडाळत राहिले. एक पान, दुसरं पान, परत पहिलं. कपाळावर घाम आला. शेवटी पलंगाचं चित्र दाबलं. ‘मला झोप येतेय.’

मी म्हटलं, मग झोपा की, ह्यात लपवायचं काय? मी उशी सारखी करायला उठले, तर ‘नाही’. पुन्हा पलंग. ‘मला झोप येतेय.’ आणि माऊसवरचं बोट उचललं. ते एकच बोट काय ते उचलता येतं. माझ्याकडे दाखवलं. मला कळेना. मी म्हटलं, मला बोलावताय? ‘नाही.’ ‘मला झोप येतेय’, बोट माझ्याकडे. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. डोळे भरून आले ह्यांचे. त्यांना एवढा राग आलेला मी झटक्यानंतर पाहिला नव्हता.

पाचव्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला.

“मी झोपू म्हणताय?”

‘हो.’ ‘हो.’ ‘हो.’

भावजी, मी हमसून हमसून रडले. मशीन अडकलं की ही बाई आडवी होते, एरवी बसून राहते, एवढं त्या माणसाने बघून ठेवलं होतं. मग रोज मी आले की मशीन अडकवून ठेवायचं. रविवारी मी दुपारी झोपतेच, म्हणून रविवारी सुट्टी. स्वतःचं बोलणं गिळून मला पाऊण तास द्यायचे, आणि आपण दोघांनी पत्रं लिहून, मोजमापं करून तो सात मिनिटांवर आणला. म्हणून बिचारे सहा सहा वेळा दाबत होते.

मग मी फळ्याची सगळी पानं उघडली. सहा वर्षांत मी ती कधी वाचली नव्हती, नुसती ऐकत होते. दोनशे चौदा बटणं आहेत. मला पाणी हवंय, मला भूक लागलीय, मला दुखतंय, मला बाहेर जायचंय. हो, नाही आणि बास सोडले तर सगळी ‘मला’ने सुरू होतात. माझ्याशी बोलायचा एक शब्द त्यात नाही. ‘तू’ नाही. तुम्ही इतका बारकाईने विचार करणारे, हे कसं राहिलं?

वहिनी

३१ ऑगस्ट

वहिनी,

राहिलं नाही. मी गाळलं.

तुमचं पत्र दहा दिवस खिशात घेऊन फिरतोय. आता लिहितो ते वाचून हसायचं तर हसा. सहा वर्षांपूर्वी यादी केली तेव्हा ‘तू बस’, ‘तू जेवलीस का’ असं सगळं लिहिलं होतं. माइकसमोर बसलो आणि जीभच उचलेना. मी तुम्हाला जन्मात कधी तू म्हटलेलं नाही. लग्न होऊन घरात आलात तेव्हा मी शाळेत होतो आणि दादाने बजावलं होतं, वहिनीला अहोजाहो करायचं. माझ्या आवाजात, तुमच्या घरात, ‘तू इकडे ये’? मला ते उद्धटपणाचं वाटलं. ‘तुम्ही’ भरावं तर दादा तुम्हाला तुम्ही कसा म्हणेल, तुम्ही घाबरून डॉक्टरला बोलावलं असतंत. म्हणून मधला मार्ग काढला. आजारी माणसाला आणखी काय लागतं, मला हे हवं आणि मला ते हवं. तेवढंच भरलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तुमचा मान राखायला गेलो आणि दादाला सहा वर्षं नुसतं मागत ठेवलं.

गेला आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत दार लावून बसतो. ‘तू’ म्हणायला पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली. बाहेर शिपाई उभा राहून ऐकत होता, त्याने काय समजायचं ते समजो. मग सुटलो. तू, झोप, बस, जेव, ऐक, हस, ये, जा, थांब, गप्प. सुटे शब्द दिलेत, दादाने हवे तसे जोडावेत. ‘तू’च्या बटणावर समोर दाखवणारं बोट काढलंय. स्वतःचा आवाज ऐकून ऐकून तपासला. पिपाणी आहे, पण तशी वाईट नाही.

पेन ड्राइव्ह लावल्यावर मुका हटकेल. घाबरू नका, त्याचं ते कामच आहे.

शेवटच्या पानावर एक बटण जास्तीचं आहे. त्याच्याबद्दल दादाला काही सांगू नका. सापडलं तर सापडेल.

आणि वहिनी, मी आजवर जे काही तू म्हटलं नाही आणि आता म्हटलं, त्याबद्दल माफी.

धाकटा

९ सप्टेंबर

प्रिय भावजी,

पेन ड्राइव्ह लावला आणि मुक्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. ‘ही फाईल बनवणारा अनोळखी आहे. विश्वास ठेवायचा?’ मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, कुणी तरी अनोळखी माणूस आहे हो, ठेवायचा का? ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी, आणि ‘हो’ दाबलं.

पहिले दोन दिवस नुसता धुमाकूळ. तू बस. तू ऐक. तू जेव. मी जरा आवाज चढवला तर ‘तू’ आणि ‘गप्प’. सहा वर्षांनी नवऱ्याने मला गप्प बस म्हटलं आणि मी खुळ्यासारखी हसत सुटले. माफीचं मनावर घेऊ नका. तो आवाज तुमचा आहे हे आता माझ्या ध्यानातही येत नाही. ‘तू’ म्हटलं की ते हेच असतात.

चार वाजता मी आले की चप्पल काढायच्या आत येतं, ‘तू झोप’. मी झोपते. खरीखुरी, घोरत, असं मावशी म्हणतात, म्हणजे बघा. पाच वाजता ‘तू ये’. मग आम्ही बोलतो. दमणूक काही संपलेली नाही, पाठ दुखतेच. पण आता दमलेय असं म्हणता येतं, मशिनवर ढकलावं लागत नाही. अहवालात गुरुवारची अकराची एक ओळ असते, बाकी काही नाही.

आता तुमच्या जास्तीच्या बटणाचं. मी काही सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी मी भांडी आवरत होते आणि आतून आवाज आला, ‘बारक्या’. मी हातातलं तसंच टाकून आले. पडद्यावर तुमचा लहानपणचा फोटो, सायकलच्या दांड्यावर बसलेला. ह्यांनी पुन्हा दाबलं. ‘बारक्या.’ ह्या नावाने तुम्हाला हाक मारणारं माणूस सहा वर्षं बोलायचं थांबलं होतं, ती हाक तुम्ही स्वतःच्या तोंडाने भरून पाठवलीत. किती वेळा म्हणून बघावं लागलं हो?

मी विचारलं, काही निरोप आहे का भावजींना? मी उद्या पत्र लिहिणार आहे.

घाई केली नाही ह्यांनी. एकेक बटण शोधून, नीट थांबत थांबत दाबलं. तीन शब्द आहेत. एकही चूक नाही, तशीच उतरवते.

‘बारक्या. तू. ये.’

वहिनी